दाद, सवय आणि प्रतिकार : औषधरोधी यीस्टविषयीच्या मराठीची चिकित्सा

१

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. परंतु ती बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. इंग्रजी संज्ञेला कोणता संस्कृत शब्द योजावा, तो उच्चारास सुकर आहे की नाही, त्यापेक्षा मूळ इंग्रजी शब्दच का ठेवू नये, हेच तिचे नेहमीचे प्रश्न होत. ती संज्ञा एकदा वाक्यात जाऊन बसली म्हणजे त्या वाक्याचा कर्ता कोण ठरतो, क्रिया कोणाच्या माथी लागते आणि ऐकणारा त्यावरून कोणते वर्तन पत्करतो, ह्याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः मराठीचे मोठे सामर्थ्य तिच्या क्रियापदांत आहे. राजवाड्यांनी जमविलेला व धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केलेला मराठी धातुकोश नुसता चाळला तरी त्याची साक्ष पटते. परिभाषा घडविणाऱ्यांनी मात्र धातूंची ही पेवे बहुधा न उघडताच ठेवली आहेत.

ह्या उणिवेचे परिणाम सर्वत्र सारखे गंभीर नसतात. खगोलशास्त्रातील एखादी संज्ञा संदिग्ध राहिली तर फार तर विद्यार्थ्याचे गुण जातात. वैद्यकातील संज्ञेची गोष्ट निराळी. तेथे ऐकणारा रुग्ण असतो व ऐकल्यावर त्याला काही करावयाचे असते. अशा संज्ञांपैकी 'औषधप्रतिकार' ही एक होय. रोगकारक यीस्टमध्ये औषधाला न जुमानण्याचा गुण कोठून येतो आणि त्याचा जनुकीय शोध कसा घेतला जातो, हा विषय मराठीत सांगू लागताच ह्या संज्ञेचे दोष ठळक होतात. त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी जळगाव व धुळे ह्या दोन जिल्ह्यांचा भाषाव्यवहार समोर ठेवला आहे. कारण उघड आहे. औषधाला न जुमानणारा शत्रू ह्या प्रदेशात दोन ठिकाणी भेटतो : एकदा शेतात आणि एकदा दवाखान्यात. एकच घटना, एकच समाज, आणि तरीही दोन ठिकाणची वाक्ये परस्परविरुद्ध आहेत. शेतातले वाक्य शास्त्राला धरून आहे; दवाखान्यातले नाही.

२

प्रथम वस्तुस्थिती. 'यीस्ट' म्हटल्याबरोबर पाव फुगविणारे, पीठ आंबविणारे द्रव्य सामान्य वाचकाच्या मनात येते. 'बुरशी' म्हटले की ओल्या भिंतीवरचा किंवा शिळ्या भाकरीवरचा थर डोळ्यांपुढे येतो. कँडिडा ह्या नावाने ओळखले जाणारे यीस्ट ह्या दोन्ही चित्रांत बसत नाही. ते कवकांच्या विशाल कुळातीलच, परंतु बहुधा सुट्या पेशींच्या रूपाने राहणारे सूक्ष्मजीव आहेत. त्यांपैकी कँडिडा अल्बिकन्स हे निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यातही सुखाने नांदते. अंगची शक्ती खालावली, मधुमेह बळावला, किंवा दीर्घकाळ प्रतिजैविके घ्यावी लागली म्हणजे तेच डोके वर काढते. तान्ह्या मुलाच्या जिभेवरचा पांढरा थर, स्त्रियांच्या अंगावरून जाण्याचा एक प्रकार, आणि अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तातील जीवघेणा संसर्ग ही सारी त्याचीच रूपे होत.

ह्या यीस्टच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचा एक मेदजन्य घटक असतो. माणसाच्या पेशींत त्याचे काम कोलेस्टेरॉल करते. ह्या एका भेदावर बुरशीविरोधी औषधांचे दोन मोठे वर्ग उभे आहेत. काही औषधे एर्गोस्टेरॉललाच बिलगून पटल भेदतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ह्या कारखान्यात १९६० च्या सुमारास सापडलेले हॅमायसिन ह्याच वर्गातले. त्याच्या नावाच्या आरंभी कारखान्याची आद्याक्षरे आहेत, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या 'पिंप्रिना' ह्या जातिनामात गावाचे नाव आहे. दुसऱ्या वर्गातील औषधे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. ते तयार करणाऱ्या एका विकराला ती अडवितात. फ्लुकोनॅझोल हे त्यांपैकी सर्वांत परिचित. ह्या विकराचा आराखडा ज्या जनुकात असतो, त्याचे नाव ईआरजी-११.

यीस्ट ह्या औषधाला चुकवते ते प्रामुख्याने तीन मार्गांनी. विकराचा आकार किंचित बदलतो व औषध त्यात नीट बसत नाही. किंवा तोच विकर इतक्या विपुल प्रमाणात तयार होतो की औषध अपुरे पडते. किंवा पेशीच्या पटलातील उपसा करणारे पंप वाढतात आणि आत आलेले औषध बाहेर फेकले जाते. कँडिडा ऑरिस ह्या जातीत पहिल्या मार्गाची उदाहरणे स्पष्ट दिसतात. ही जाती २००९ साली टोकियोतील एका रुग्णाच्या कानातून प्रथम वेगळी करण्यात आली. लॅटिनमध्ये 'ऑरिस' म्हणजे कान. २०१३ साली दिल्लीतील दोन रुग्णालयांतील तिच्या प्रादुर्भावाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २००९ ते २०१७ ह्या काळात भारतात मिळालेल्या ३५० नमुन्यांच्या अभ्यासात सुमारे ९० टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला न जुमानणारे आढळले. भारतीय नमुन्यांत ईआरजी-११ च्या प्रथिनात १३२ व्या स्थानी टायरोसिनऐवजी फेनिलअ‍ॅलनिन, किंवा १४३ व्या स्थानी लायसिनऐवजी आर्जिनिन, असा एकाच घटकाचा पालट पुनःपुन्हा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली रोगकारक कवकांची जी अग्रक्रमाची यादी प्रसिद्ध केली, तिच्या सर्वांत गंभीर गटातील चार नावांत कँडिडा ऑरिस व कँडिडा अल्बिकन्स ही दोन्ही आहेत.

ह्या साऱ्या हकीकतीत एक गोष्ट निःसंदिग्ध आहे. बदल होतो तो यीस्टमध्ये, रुग्णामध्ये नव्हे.

३

आता ही निःसंदिग्ध गोष्ट मराठीत कशी संदिग्ध होते ते पाहावे.

'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द मराठीत चांगला रुजला आहे. २०२० च्या करोनाच्या साथीनंतर तर तो घरोघरी बोलला गेला. त्याचा विग्रह केला असता रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती असा अर्थ निघतो. ही शक्ती कोणाची, हे समासात सांगितलेले नाही. परंतु ती माणसाच्या शरीराची, हे प्रत्येक जण जाणतो. आता ह्याच साच्यात 'औषधप्रतिकार' किंवा 'औषधप्रतिकारशक्ती' हा शब्द ओतला म्हणजे काय होते? औषधाचा प्रतिकार करण्याची शक्ती, असा विग्रह होतो. कोणाची, हे येथेही अनुक्तच आहे. परंतु पहिल्या शब्दाच्या वळणाने वाचक तो रिकामा पाट आपल्याच शरीराला देतो. समास जितका आटोपशीर, तितका त्यातील कर्ता अधिक झाकला जातो. आणि झाकलेल्या जागी परिचित कर्ता येऊन बसतो. संस्कृत समासांचा हा गुण काव्यात उपकारक असेल. आरोग्यविषयक पत्रकात तो घातक आहे.

दुसरे वाक्य याहून अधिक प्रचारातले आहे : 'औषधाची सवय झाली.' बोलताना त्याचे पूर्ण रूप 'शरीराला औषधाची सवय झाली' असे होते. मराठीत अनुभवाची क्रिया सांगताना अनुभवणारा चतुर्थीत जातो. त्याला भूक लागते, तिला आठवण येते, मुलाला सवय होते. ही रचना मराठीच्या स्वभावातलीच आहे. रुग्णाच्या घरच्या अहिराणीत 'ला' च्या जागी 'ले' येतो, पण वाक्याचा सांगाडा तोच राहतो. ह्या सांगाड्याची अडचण अशी की, त्याला अनुभव घेणारा, मन वा शरीर असलेला कोणीतरी लागतो. सूक्ष्म यीस्ट त्या जागी सहज सुचत नाही, शरीर सुचते. शिवाय 'सवय' ही हळूहळू जडणारी व हळूहळू सुटणारी गोष्ट आहे. म्हणून सवय झाली असेल तर मात्रा वाढवावी, नाहीतर काही दिवस औषध बंद ठेवून सवय मोडावी, असे दोन्ही उपाय ऐकणाऱ्याला आपोआप सुचतात. एका शब्दाने रोगनिदान केले आणि त्याच शब्दाने उपचारही सांगितले, असा हा प्रकार आहे.

हा गैरसमज केवळ मराठीपुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह बारा देशांतील सुमारे दहा हजार लोकांची प्रतिजैविकांविषयी पाहणी केली. शरीर औषधाला जुमानेनासे होते म्हणजे औषधरोध निर्माण होतो, असे त्यांपैकी ७६ टक्के लोकांना वाटत होते. ही पाहणी जीवाणूंवरील औषधांची होती. परंतु समजुतीचे वळण यीस्टच्या बाबतीतही तेच आहे. इंग्रजीतील 'रेझिस्टन्स' हा शब्दही दोन्ही अर्थांनी वापरला जातो, तेव्हा दोष आमच्याच संज्ञेचा नव्हे हे खरे. तथापि इंग्रजीतील संदिग्धता जशीच्या तशी उचलून आणणे हे भाषांतरकाराचे कर्तव्य ठरत नाही.

ह्या संदिग्धतेची किंमत कँडिडा ऑरिसच्या बाबतीत विशेष मोठी आहे. ही जाती त्वचेवर दीर्घकाळ टिकते, खाटेच्या कठड्यावर व उपकरणांवर राहते आणि एका रुग्णावरून दुसऱ्यावर जाते. ज्याने फ्लुकोनॅझोलची एक गोळीही कधी घेतलेली नाही, अशा माणसालाही औषधरोधी यीस्टचा संसर्ग होऊ शकतो. 'शरीराला सवय झाली' ह्या वाक्यात ह्या घटनेला जागाच नाही. सवय सांसर्गिक नसते. ज्याच्या शरीराला सवय झाली त्याचे तो पाहील, असे मानून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा नातेवाईक हात धुण्याची तसदी घेणार नाही. आणि वाक्य प्रमाण मानले तर त्याचे वागणे तर्काला धरूनच आहे. चूक त्याच्या बुद्धीची नाही, त्याला मिळालेल्या वाक्याची आहे.

४

आता दवाखान्यातून शेताकडे वळावे. जळगाव व धुळे हे कापसाचे जिल्हे. रावेर-यावलचा पट्टा केळीचा. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळीला मारक असे प्रथिन झाडातच तयार व्हावे, अशी त्याची योजना. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस गुलाबी बोंडअळीने मोठ्या प्रमाणावर पोखरला, तेव्हा शेतकऱ्याने त्या घटनेचे वर्णन कोणत्या मराठीत केले? 'कपाशीला सवय झाली' असे कोणी म्हटले नाही. 'शेताची प्रतिकारशक्ती वाढली' असेही कोणी म्हटले नाही. 'अळी औषधाला दाद देत नाही', 'अळी आता बीटीला जुमानत नाही' ही शेतातली वाक्ये होत.

व्याकरणाच्या दृष्टीने ही वाक्ये नमुनेदार आहेत. कर्ता अळी, तो प्रथमेत, उघडपणे उच्चारलेला. औषध चतुर्थीत. क्रिया नकारार्थी. 'दाद' हा फारसीतून आलेला शब्द मूळचा न्यायवाचक. 'दाद मागणे' ह्या प्रयोगात तो अर्थ अजून जिवंत आहे. 'दाद न देणे' म्हणजे मागणाऱ्याचे न ऐकणे. मागणारा कोण आणि न ऐकणारा कोण, ह्या दोन्ही जागा वाक्यात भराव्याच लागतात. ज्याला दाद मागितली जाते तो लपून राहू शकत नाही. 'औषधप्रतिकार' ह्या समासात जो कर्ता हरवतो, तो 'दाद देत नाही' म्हणताच हजर होतो.

अर्थ जसा स्पष्ट, तसे त्यातून निघणारे वर्तनही सयुक्तिक आहे. जी अळी दाद देत नाही ती शेजारच्या शेतातही जाईल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी बियाण्याच्या ओळी लावण्याचा जो नियम होता, त्यामागचे तत्त्वही ह्याच मराठीत सांगता येते : दाद देणाऱ्या अळ्या शिल्लक राहाव्यात, म्हणजे दाद न देणाऱ्यांचीच बीजवाढ होणार नाही. तो नियम सर्वत्र पाळला गेला नाही, हे खरे. परंतु तो न समजण्यासारखा होता असे म्हणता येत नाही.

येथे आणखी एक भाषिक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. केळीवर सिगाटोका नावाचा करपा पडतो, आणि तोही कवकजन्य रोगच. त्यावर फवारल्या जाणाऱ्या द्रव्यांत प्रोपिकोनॅझोल हे एक आहे. बाटलीवरचे हे नाव आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे फ्लुकोनॅझोल हे नाव शेजारी ठेवले तर शेवटचे 'अ‍ॅझोल' सारखेच आहे. आणि हे साम्य केवळ ध्वनीचे नाही. दोन्ही द्रव्ये कवकाच्या त्याच विकराला अडवितात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या दुसऱ्या एका कवकाच्या बाबतीत, शेतीतील अ‍ॅझोलांमुळे रुग्णालयातील अ‍ॅझोले निष्प्रभ होण्याचा संबंध नेदरलँड्स व इतर देशांत दाखविला गेला आहे. हा दाखला यीस्टचा नव्हे. तरी शेत आणि दवाखाना ह्यांना जोडणारी वाट त्याने दाखविली आहे. मराठी शेतकरी दोन्ही द्रव्यांना 'औषध'च म्हणतो; फरक क्रियापदात करतो. एक औषध तो मारतो, दुसरे घेतो. नाम एकच ठेवून भेद धातूवर सोपविण्याची ही रीत परिभाषाकारांनी मनावर घेण्याजोगी आहे.

५

'जनुकीय तपासणी' ही दुसरी वादग्रस्त संज्ञा. 'जनुक' हा शब्द उत्तम साधला आहे. 'जन्' धातूचा आधार, इंग्रजी शब्दाशी ध्वनिसाम्य आणि 'जनुकीय', 'जनुकशास्त्र' असे पुढचे शब्द घडण्याची सोय, हे तिन्ही गुण त्यात आहेत. आक्षेप आहे तो 'तपासणी' ह्या शब्दाला. तपासणी म्हटले की ती कोणाची तरी असते. आणि दवाखान्यात ती रुग्णाची असते. खानदेशाच्या सातपुड्याकडील भागात व शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी लोकांना परिचित आहे. २०२३ साली देशभर सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने तो परिचय वाढविला. तेथे दोष माणसाच्या जनुकात असतो, आणि विवाह जुळविताना तो पाहावा असे सांगितले जाते. दुसरीकडे सोनोग्राफी केंद्राच्या दारावरील गर्भलिंग तपासणीविषयीची पाटी सर्वांच्या नजरेत आहे. अशा स्थितीत 'तुमच्या नमुन्याची जनुकीय तपासणी करावयाची आहे' हे वाक्य ऐकून रुग्णाच्या घरी कोणती शंका उभी राहील, हे सांगावयास नको. आनुवंशिक दोष, मुलीचे लग्न, कुळाची अब्रू, इतकी सगळी अडगळ एका षष्ठीच्या प्रत्ययातून आत येते. खरे तर तपासावयाचे असते ते यीस्टचे जनुक, माणसाचे नव्हे. 'तुमच्या रक्तात सापडलेल्या यीस्टचे जनुक तपासावयाचे आहेत' एवढे म्हटले तरी गाठ सुटते.

प्रयोगशाळेतील शोधाच्या बाबतीत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजीत ज्याला 'स्क्रीन' व ज्याला 'सिलेक्शन' म्हणतात, त्या जनुकशास्त्राच्या दोन भिन्न पद्धती आहेत. मराठीत दोहोंसाठी कधी 'निवड', कधी 'चाचणी', कधी 'छाननी' असे शब्द अदलाबदलीने येतात. वास्तविक धान्य स्वच्छ करण्याच्या कामात मराठीने ह्या क्रियांचे अत्यंत काटेकोर पृथक्करण केलेले आहे. चाळणे ते आकारावरून. पाखडणे ते सुपात, हलक्या-जडावरून. उपणणे ते वाऱ्यावर. भूस उडून जाते, दाणा खाली राहतो. निवडणे ते हाताने, एकेक दाणा डोळ्यांखालून घालून. ह्या दोन जिल्ह्यांसाठी १९९० साली स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या प्रदेशात तरी हे भेद अपरिचित नसावेत. अक्षरओळख नसलेल्या त्या कवयित्रीची शब्दसंपत्ती ह्याच कामांतून आलेली होती.

ह्या धातूंचा उपयोग करून पाहावा. पावाचे यीस्ट प्रयोगशाळेत दीर्घकाळ अभ्यासले गेले आहे. त्याच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी एकेक जनुक वगळलेले वाण तयार करण्याचे काम २००२ पर्यंत पुष्कळसे पुरे झाले. हे हजारो वाण औषधासमोर एकेक करून ठेवावयाचे आणि कोणते जगते, कोणते खुरटते, कोणते मरते ते पाहावयाचे, ही पद्धत म्हणजे शुद्ध निवडणे होय. कँडिडा अल्बिकन्समध्ये हे काम अधिक अवघड, कारण तेथे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही वगळाव्या लागतात.

ह्याच्या उलट सीडीआर-१ ह्या जनुकाचा शोध. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील राजेंद्र प्रसाद व त्यांचे बेल्जियममधील सहकारी ह्यांनी तो १९९५ साली प्रसिद्ध केला. पावाच्या यीस्टचा एक वाण घेतला; त्यातील औषध उपसणारा पंप नाहीसा केलेला होता, त्यामुळे तो सायक्लोहेक्झिमाइडच्या अल्प मात्रेनेही मरत असे. त्या पेशींत कँडिडा अल्बिकन्सच्या डीएनएचे निरनिराळे तुकडे घातले आणि सर्व पेशी त्या विषावर वाढावयास ठेवल्या. बाकीच्या मेल्या. ज्यांना कँडिडाच्या पंपाचे जनुक मिळाले होते त्या तगल्या, आणि त्यांच्यातूनच ते जनुक हाती आले. येथे एकेक पेशी कोणी डोळ्यांखालून घातली नाही. विषाचा वारा सोडला. भूस उडाले, दाणा राहिला. हे उपणणे होय. गंमत अशी की, शास्त्रीय मराठीत 'सिलेक्शन'साठी जो 'निवड' शब्द रूढ आहे, तो घरगुती अर्थाने नेमका दुसऱ्या पद्धतीला लागू पडतो.

उपणण्याच्या ह्या उपमेत केवळ सोय नाही, सिद्धान्तही आहे. वारा दाणा घडवीत नाही. आधीच असलेला दाणा तो वेगळा करतो. १९५२ साली जोशुआ व एस्थर लेडरबर्ग ह्यांनी मखमलीच्या तुकड्याने जीवाणूंच्या वसाहतींचा ठसा उचलला आणि तो औषध असलेल्या बशीवर उमटविला. अनेक बशांवर त्याच त्या जागच्या वसाहती तगल्या. म्हणजे औषधरोधी जीवाणू औषधाची गाठ पडण्यापूर्वीच तेथे होते. 'सवय' ह्या शब्दाला ह्या प्रयोगाने जो छेद दिला, तो मराठी लेखनात अद्याप उमटलेला नाही. 'जंतू शिकले', 'जंतू हुशार झाले' ही वाक्येही त्याच जातीची. औषध वारंवार व अर्धवट घेतल्याने औषधरोध पसरतो, हे खरे. पण ते औषधाने यीस्टला धडा दिला म्हणून नव्हे, तर दाद देणारे सारे मेले आणि मैदान दाद न देणाऱ्यांना मोकळे झाले म्हणून.

६

ह्या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, यीस्टच्या बाबतीत 'सवय' सर्वथा खोटी नाही. काही कँडिडा वाणांत, वाढ थांबविणाऱ्या मात्रेच्या वरही थोड्या पेशी मंद गतीने वाढत राहतात. कँडिडा अल्बिकन्सच्या काही औषधरोधी वाणांत पाचव्या गुणसूत्राच्या डाव्या बाजूची जादा प्रत आढळल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. ईआरजी-११ हे जनुक त्याच बाजूला आहे. तेव्हा औषधाशी जुळवून घेण्याचे प्रकार एकाहून अधिक आहेत. हा आक्षेप ग्राह्य आहे, पण त्यावरून 'सवय' शब्दाचे समर्थन होत नाही. मंदपणे जगत राहण्याला मराठीत 'तग धरणे' असा नेमका प्रयोग आहे. एक यीस्ट औषधाला दाद देत नाही. दुसरे औषधापुढे तग धरते. इंग्रजी संज्ञांतील भेद दोन क्रियापदांनी पुरा उतरतो, आणि दोन्हींत कर्ता यीस्टच राहतो.

दुसरा आक्षेप, वाक्प्रचारातून संज्ञा घडत नाहीत. 'दाद न देणे' ह्यापासून विशेषण कसे करावयाचे, प्रबंधाचे शीर्षक कसे द्यावयाचे? उत्तर असे की, दोन पातळ्या वेगळ्या ठेवाव्यात. शास्त्रज्ञांच्या आपसांतील लेखनात 'औषधरोध' हा शब्द पुरेसा आहे. तो 'रोगप्रतिकार'च्या साच्यातला नसल्याने निदान गोंधळाचे बोट धरून चालत नाही. मात्र त्याच्यामागे स्वामी नेहमी लिहावा : यीस्टचा औषधरोध, वाणाचा औषधरोध, नुसता औषधरोध नव्हे. रुग्णाशी बोलताना, भिंतीवरील फलकात, वृत्तपत्रात मात्र संज्ञा सोडून वाक्य वापरावे.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. 'दाद देणे', 'जुमानणे' ह्यांतही यीस्टला मन बहाल केले जाते; मग 'हुशार जंतू'ने काय पाप केले? भेद असा आहे की, 'हुशार' ह्या शब्दाने कारण सांगितले जाते, आणि ते चुकीचे असते. 'दाद देत नाही' ह्या वाक्याने कारण सांगितले जात नाही. केवळ फळ सांगितले जाते. दगड पाण्याला दाद देत नाही असे म्हणताना दगडाला बुद्धी आहे असे कोणी समजत नाही. रूपक जेथे झिजून सपाट झाले आहे, तेथे ते शास्त्राला त्रास देत नाही.

नावाची चूक किती दूर जाते, ह्याचे एक उदाहरण ताजे आहे. २०२१ साली म्युकरमायकोसिसला 'काळी बुरशी' हे नाव पडले. त्या रोगातील काळेपणा बुरशीचा नव्हे. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा. कार्याचा रंग कारणाला लावल्याने लोक भिंतीवरच्या व कांद्यावरच्या काळ्या बुरशीला भिऊ लागले आणि रक्तातील साखरेकडे, जेथे धोका होता, तिकडे दुर्लक्ष झाले. 'औषधाची सवय' हे वाक्य त्याच पंक्तीत बसते. येथे रंगाऐवजी दोष चुकीच्या धन्याच्या नावावर चढविला जातो, एवढेच.

७

एवंच, औषधरोधी यीस्टविषयी मराठीत लिहिताना दुर्बोध शब्द ही मुख्य अडचण नाही. 'सवय' हा शब्द अत्यंत सुबोध आहे आणि तरीही तो चुकीचा आहे. अडचण कर्त्याची आहे. म्हणून कोणतीही संज्ञा स्वीकारण्यापूर्वी परिभाषाकाराने तिचे एक साधे वाक्य करून पाहावे आणि ते वाक्य ऐकणारा पुढे काय करील, हे स्वतःला विचारावे. 'तुमच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे', असे ऐकणारा डॉक्टर बदलील किंवा गोळ्या वाढवील. 'तुम्हांला झालेले यीस्ट ह्या औषधाला दाद देत नाही. ते कोणत्या औषधाला दाद देते हे पाहावे लागेल, आणि ते दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून हात धुवावे लागतील', असे ऐकणारा थांबेल, तपासणीला तयार होईल आणि हात धुईल. दुसऱ्या वाक्यात एकही पारिभाषिक संज्ञा नाही. पहिल्यापेक्षा शास्त्र मात्र अधिक आहे.

धुळ्याच्या रुग्णालयातील खाटेवर पडलेला माणूस पुष्कळदा तोच असतो, ज्याने मागच्या हंगामात कपाशीच्या बोंडातली अळी दोन बोटांत धरून 'ही आता जुमानत नाही' असे म्हटलेले असते. त्याला जे शेतात ठाऊक आहे ते दवाखान्यात नव्याने शिकवावयाचे नाही. त्याच्याच तोंडचे वाक्य त्याला परत द्यावयाचे आहे.